बंद दगडखाणीच्या जमिनीला पुन्हा टेकडीचा आकार कसा द्यावा

मुंबईत ‘रेक्लमेशन’ म्हटले की बहुतेकांना बॅकबे किंवा वांद्रे आठवते, म्हणजे समुद्रात भराव टाकून मिळवलेली जमीन. या लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे. दगड, मुरूम आणि खडी काढून झाल्यावर मागे उरलेली जी जमीन असते, उभे कडे, टाकून दिलेले ढिगारे, डंपरचे रस्ते आणि पाण्याने भरलेले खड्डे असे जिचे रूप असते, तिला पुन्हा असा आकार कसा द्यायचा की ती पावसाळ्यामागून पावसाळे टिकेल आणि शेजारच्या डोंगराचाच भाग वाटेल, हे येथे पायरीपायरीने सांगायचे आहे. चांदिवलीपासून पारसिकच्या डोंगरापर्यंत अशा जागा आपल्या आसपास पुष्कळ आहेत. स्थापत्य किंवा भूदृश्यरचना शिकून नुकतेच कामाला लागलेले तरुण आणि एखाद्या संस्थेमार्फत टेकडी वाचवण्याच्या कामात उतरलेले कार्यकर्ते डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे.

आपल्याकडे अशा जागेवर जी रचना सरसकट केली जाते, ती सर्वांनी पाहिलेली असते. सरळ कापलेला उतार, त्यावर ठरावीक उंचीवर आडव्या पायऱ्या, प्रत्येक पायरीच्या कडेला सिमेंटचे गटार, आणि ती सगळी गटारे खाली नेणारी एक उभी पन्हळ. कागदावर ही रचना निर्दोष दिसते, परंतु गटार दर वर्षी साफ करणारा माणूस असेल तोवरच ती चालते. खाण बंद झाल्यावर तो माणूस निघून जातो. मग गटारात मुरूम साचतो, पाणी काठावरून उलटते आणि जेथे उलटते तेथे घळ पडायला लागते. नैसर्गिक टेकडीला असा माणूस लागत नाही, कारण तिच्यावरचे पाणी लहानलहान ओहोळांत वाटले गेलेले असते आणि प्रत्येक ओहोळ त्याच्या वाट्याला येणाऱ्या पाण्याला पुरेल एवढाच असतो. म्हणून आधी पाण्याच्या वाटा आखाव्यात आणि टेकडीचा आकार त्या वाटांमधून निघू द्यावा, ही या लेखात सांगायच्या पद्धतीची मूळ कल्पना आहे. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने खाणमालकांवर जमीन शक्यतो मूळ आकाराला आणण्याचे बंधन घातले. पुढे निकोलस बुगोश यांनी याच कल्पनेवर आधारलेली ‘जिओफ्लूव्ह’ नावाची आरेखनपद्धत विकसित केली आणि न्यू मेक्सिकोतील ला प्लाता कोळसा खाणीसारख्या ठिकाणी ती प्रत्यक्षात आणली गेली. तो प्रदेश अर्धशुष्क आहे. आपल्याकडे सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे तिकडची पद्धत घ्यावी, तिकडचे आकडे मात्र घेऊ नयेत.

पायरी पहिली: खाली कोण राहते ते पाहावे

नकाशा उघडण्यापूर्वी जागेच्या पायथ्याशी चालत जावे. मुंबईत बंद खाणीच्या तळाशी आणि टेकडीच्या कापलेल्या उताराखाली बहुतेक वेळा वस्ती असते. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात टेकडीची दरड वस्तीवर कोसळली आणि कितीतरी माणसे गेली, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असलीच पाहिजे. उताराच्या पायथ्यापासून पहिल्या घरापर्यंतचे अंतर, मध्ये भिंत असल्यास तिला पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे आणि ती छिद्रे उघडी आहेत की बुजलेली, हे सर्व लिहून घ्यावे. वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारावे की पाणी कोणत्या बाजूने येते आणि गेल्या काही वर्षांत त्याची वाट बदलली का. हे उत्तर कोणत्याही सर्वेक्षणात सापडत नाही.

खाली वस्ती असेल तर भूतंत्र अभियंत्याकडून उताराच्या स्थिरतेची तपासणी करून घेणे ऐच्छिक राहत नाही. कायमस्वरूपी उतारासाठी सुरक्षितता-गुणक, म्हणजे उताराला धरून ठेवणारे बल भागिले त्याला खाली ओढणारे बल, साधारणपणे १.५ धरतात, आणि तो मुरूम पाण्याने पूर्ण भिजलेला आहे असे मानून काढलेला असला पाहिजे. ओहोळांचे आरेखन धुपेपासून वाचवते. खोलवरून सरकणाऱ्या दरडीपासून ते आपोआप वाचवत नाही. नवख्या माणसाकडून या दोन गोष्टींची गल्लत सर्वांत जास्त होते.

परवानग्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, खाणपट्टा आणि गौण खनिजाचा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असतो, आणि जागा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या संवेदनशील पट्ट्यात येत असेल तर वन विभागाशी आधीच बोलावे लागते. काम सुरू झाल्यावर कागद शोधत बसू नये.

पायरी दुसरी: पाणी शेवटी जेथे मिळते ती पातळी

संपूर्ण आरेखनातला पहिला आकडा हा आहे. जागेवरचे पाणी ज्या बिंदूतून बाहेर पडते त्या बिंदूच्या तळाची पातळी, म्हणजे तळपातळी, पक्की ठरल्याशिवाय पेन्सिल उचलू नये. तो बिंदू बहुतेक वेळा रस्त्याखालचा कल्व्हर्ट, एखादा नाला किंवा खाणीच्या खड्ड्यातला तलाव असतो. ओहोळ आपला तळ या पातळीशी जुळवून घेत वरच्या दिशेने घडत जातो. ही पातळी उद्या खाली गेली तर ओहोळाच्या मुखाशी एक उभी पायरी तयार होते आणि प्रत्येक मोठ्या पावसात ती वर सरकत सरकत सगळ्या उताराला खरवडत नेते.

मुंबईत हा धोका कागदी नाही. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होते, आणि गाळ काढता काढता जेसीबीचे बकेट नाल्याचा मूळ तळही खरवडते. तुमच्या जागेचे पाणी अशा नाल्याला मिळत असेल तर तुमची तळपातळी दर मे महिन्यात बदलू शकते. यासाठी मुखाशी मोठ्या दगडांचा एक उंबरा करावा, तो तळात निदान एक मीटर खोल आणि दोन्ही काठांत आत शिरलेला असावा, म्हणजे नाला खोल झाला तरी खालची पायरी त्या उंबऱ्यापाशी अडेल. उंबऱ्याच्या माथ्याला मध्यभागी किंचित खोलगटपणा ठेवावा. तो सपाट ठेवला तर पाणी कडेने वाट काढते आणि दगड जागेवर असूनही निरुपयोगी होतात. पाणी खाडीला मिळत असेल तर पुराचा हिशेब भरतीच्या पातळीवर आणि धुपेचा हिशेब ओहोटीच्या पातळीवर करावा.

पायरी तिसरी: नमुना टेकडी शोधावी

आता आपल्याला असा उतार शोधायचा आहे जो आपल्या जागेसारख्याच पदार्थाचा, त्याच पावसातला आणि बराच काळ टिकलेला आहे. अनेक जण राष्ट्रीय उद्यानातली झाडीने भरलेली टेकडी नमुना म्हणून निवडतात. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या चारही नद्या त्या डोंगरांतून उतरतात, त्यामुळे पाण्याच्या वाटा कशा जुळतात हे पाहायला ती जागा फार चांगली आहे आणि तेथे जरूर हिंडावे. परंतु तेथे पायाखाली सलग काळा पाषाण असतो आणि वर शेकडो वर्षांची मुळे असतात. तुमच्याकडे सुटा मुरूम आणि डबर आहे. सुट्या पदार्थाला जास्त ओहोळ लागतात. म्हणून माझ्या मते तीस-चाळीस वर्षांपूर्वी टाकलेला, आता गवत-झुडपांनी धरलेला आणि नव्या घळी न पडणारा एखादा जुना ढिगारा किंवा मुरमाची टेकडी हा अधिक विश्वासार्ह नमुना ठरतो.

या नमुन्यावर तीन मापे घ्यावीत. पहिले माप प्रवाह-घनतेचे, म्हणजे ठरावीक क्षेत्रातील सर्व ओहोळांची एकूण लांबी भागिले ते क्षेत्र. अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे माप रूढ केले आणि आजही त्याला पर्याय नाही. समजा, ५ हेक्टरच्या नमुन्यावर सर्व ओहोळ मिळून ४५० मीटर भरले, तर घनता हेक्टरी ९० मीटर झाली. तुमची जागा ४ हेक्टरची असेल तर तिला सुमारे ३६० मीटर ओहोळ लागतील. वीस टक्के इकडेतिकडे चालेल, म्हणजे साधारण २९० ते ४३० मीटर. यापेक्षा फारच कमी ओहोळ आखले तर उरलेले पाऊस स्वतः कोरतो, आणि कोठे कोरायचे हे मग आपल्या हातात नसते. दुसरे माप माथ्याच्या धारेपासून ओहोळ जेथे उमटायला लागतो तेथपर्यंतच्या अंतराचे आहे. हे अंतर टेप धरूनच मोजावे, कारण उपग्रहाच्या चित्रात ओहोळाचा उगम दिसत नाही. तिसरे माप ओहोळाच्या मुखाजवळच्या उताराचे.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आणि इस्रोच्या ‘भुवन’वरील उंचीची माहिती सुरुवातीला पुरते. ‘क्यूजीआयएस’ ही नकाशांची संगणक प्रणाली फुकट आहे आणि पाणलोट आखायला पुरेशी आहे. तथापि तीस मीटरच्या चौकटीतल्या माहितीवर चार हेक्टरच्या जागेचे आरेखन होत नाही; त्यासाठी ड्रोनचे किंवा टोटल स्टेशनचे, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राचे, सर्वेक्षण हवे, आणि समोच्च रेषा अर्ध्या मीटरच्या अंतराने असाव्यात.

पायरी चौथी: हातात काय आहे ते ओळखावे

आपल्या भागात खडक मुख्यतः बसाल्टचा असला तरी खाणीच्या ढिगाऱ्यात एकच पदार्थ कधीच नसतो. वरचा पिवळसर-तांबूस मुरूम, पोकळ्यांचा मांजऱ्या खडक, दोन लाव्हाथरांमधली लाल माती, क्रशरची कच, आणि रात्री कोणीतरी आणून टाकलेले डेब्रिज हे सर्व एकमेकांत मिसळलेले असते. लाल माती भिजली की घसरडी होते, म्हणून ती उताराच्या पोटात थराने पडू देऊ नये. कच पाण्याबरोबर चटकन वाहते. डेब्रिजमध्ये प्लास्टिक, जिप्सम आणि लोखंड असते. ते वेगळे काढून बाहेर पाठवावे, उतारात गाडू नये.

प्रयोगशाळेचे निकाल येईपर्यंत एक साधी चाचणी करता येते आणि ती मी प्रत्येक जागेवर करते. आपल्याला ठेवायचा आहे तेवढ्याच उतारावर मुरमाचा एक चौरस मीटरचा तुकडा सपाट करून त्याच्या तिन्ही बाजूंना पत्रा रोवावा आणि खालच्या बाजूला घमेले ठेवावे. झारीने १० लिटर पाणी सहा मिनिटांत सारखे शिंपडावे. एक चौरस मीटरवर १० लिटर म्हणजे १० मिलिमीटर पाऊस, आणि सहा मिनिटांत १० मिलिमीटर म्हणजे ताशी १०० मिलिमीटरचा वेग; मुंबईच्या जोरदार सरीला तो शोभतो. पहिल्या झारीचे पाणी बहुतेक जिरते. दुसरी झारी लगेच त्याच तुकड्यावर रिकामी करावी आणि या वेळी घमेल्यात काय येते ते पाहावे. पाणी गढूळ पण पातळ असेल तर पदार्थ बरा आहे. घमेल्याच्या तळाशी बोटाचे पेर बुडेल एवढी कच बसली, तर तो उतार उघडा ठेवता येणार नाही हे त्याच दुपारी कळते.

पायरी पाचवी: ओहोळांचे जाळे

आता आखणी. मुखापासून सुरुवात करून वर जावे, वरून खाली येऊ नये. जागेचे लहान लहान पाणलोट पाडावेत आणि प्रत्येकाला एक ओहोळ द्यावा. लहान पाणलोटांचा फायदा हा की कोठेही फार पाणी एकत्र येत नाही. जागेच्या वरून, शेजारच्या डोंगरावरून किंवा जुन्या डंपरच्या रस्त्यावरून येणारे पाणीही मोजणीत धरावे.

हे शेवटचे वाक्य मी एका चुकीतून शिकले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका बंद खाणीवर आम्ही पायऱ्यांचा उतार केला होता आणि माथ्यावरचा डंपरचा जुना रस्ता तसाच सोडला होता. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी तेथे उभी होते. रस्त्यावरून आलेले पाणी दुसऱ्या पायरीवर साचले, पायरीची माती काळपट झाली, आणि एका रोवलेल्या धोंड्याच्या बाजूने करंगळीएवढी धार काठावरून खाली उतरली. वीस मिनिटांत ती वीतभर रुंद झाली. धोंडा हलला आणि गडगडत खाली गेला, तेव्हा सगळी पायरी त्या एकाच खाचेतून रिकामी होऊ लागली. संध्याकाळपर्यंत घळ गुडघाभर खोल झाली होती. ऑगस्टमध्ये गेले तेव्हा आम्ही कडेला ठोकलेली खुंटी दोरीला लोंबकळत हवेत होती, तिच्याखाली जमीनच उरली नव्हती. वरच्या रस्त्याचे पाणी आमच्या मोजणीत नव्हते, एवढीच त्यातली चूक.

ओहोळाचा लांबीतला उतार वर तीव्र आणि खाली मंद असा, मधे झोळ पडलेल्या दोरीसारखा असावा. उदाहरणार्थ, २५० मीटर लांबीत २० मीटर उतरायचे असेल तर सरासरी उतार ८ टक्के होतो. परंतु तो सारखा न ठेवता वरच्या एकतृतीयांश भागात १४ टक्के, मधल्या एकतृतीयांशात ७ आणि शेवटच्या एकतृतीयांशात ३ टक्के असा वाटावा. वर पाणी थोडे असते म्हणून तीव्र उतार सोसतो, खाली पाणी वाढते म्हणून उतार मंद हवा. एका ओहोळाला दुसरा मिळतो तेथे दोघांचे तळ एकाच पातळीवर असले पाहिजेत आणि मिळणारा ओहोळ खालच्या दिशेला तोंड करून तिरका मिळाला पाहिजे. काटकोनात मिळणारे पाणी समोरचा काठ खाते, आणि वरून पडणारे पाणी खड्डा पाडून उलट वर चढत जाते.

वरून पाहिले असता ओहोळ सरळ असू नये. साधारण ४ टक्क्यांपेक्षा तीव्र भागात तो नागमोडी वळणांऐवजी छोट्या छोट्या सरळ तुकड्यांनी डावी-उजवीकडे मोडत उतरतो; त्याहून मंद भागात मात्र खरी गोलाईची वळणे घेतो. तुकड्यांची लांबी नमुना टेकडीवर मोजून घ्यावी. नवखे आरेखक तीव्र उतारावरही सुंदर वळणे काढतात. पुराचे पाणी ती पहिल्याच वर्षी कापून सरळ करते.

आकारमानासाठी दोन पाऊस धरावेत. नेहमीच्या जोरदार सरीचे पाणी ओहोळाच्या आतल्या पात्रात मावावे, आणि क्वचित येणाऱ्या महापुराचे पाणी दोन्ही बाजूंच्या सखल पट्ट्यावर पसरून वेग हरवत जावे. पात्र उथळ आणि रुंद ठेवावे. पाण्याचा अंदाज घेण्यासाठी सोपे सूत्र असे: हेक्टरमधील क्षेत्र गुणिले ताशी मिलिमीटरमधील पाऊस गुणिले वाहून जाणारा अंश, भागिले ३६०, उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येते. येथे पावसाचा आकडा निवडताना सावध राहावे. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटरसाठी होती आणि नंतरच्या आराखड्यात ती ५० धरली गेली, परंतु हे आकडे शहराच्या मोठ्या वाहिन्यांचे आहेत. चार हेक्टरच्या उतारावरचे पाणी काही मिनिटांत मुखाशी पोचते, म्हणून येथे छोट्या अवधीचा तीव्र पाऊसच खरा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातल्या एका तासात सुमारे १९० मिलिमीटर पडला. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरही झाला नाही. तेव्हा आकडे आपल्या जागेजवळच्या केंद्राचे घ्यावेत. ताशी १९० मिलिमीटर पाऊस आणि वाहून जाणारा अंश ०.७ धरला तर ४ हेक्टरच्या मुखाशी सेकंदाला जवळजवळ दीड घनमीटर पाणी येते. एवढे पाणी पसरायला जागा आहे का, हा प्रश्न आराखड्यावर बोट ठेवून विचारावा.

पायरी सहावी: धारा आणि उतार

ओहोळ ठरले की त्यांच्या मधल्या धारा, म्हणजे उंचवट्यांचे कणे, आपोआप ठरतात. मुख्य धारेपासून ओहोळाच्या प्रत्येक मोडीकडे एक लहान सोंड उतरवावी आणि दोन सोंडांमध्ये पन्हळीसारखा खोलगट भाग ठेवावा, म्हणजे उताराचे पाणीही लांबवर सलग न धावता लगेच जवळच्या ओहोळाला मिळते. प्रत्येक सोंडेचा माथा गोलसर फुगीर आणि पायथा आत वळलेला, असा आकार ठेवावा. सरळ फळीसारखा उतार खालच्या टोकाला सर्वांत जास्त पाणी घेतो आणि तेथेच तितकाच तीव्र असतो, म्हणून त्याची धूप खालून सुरू होते. माती धरून ठेवायची असेल तर सरासरी उतार तीनास एक, म्हणजे सुमारे १८ अंश, याच्या जवळपास राहील असे पाहावे. दोनास एक उतार उभा राहतो, पण मुंबईच्या पावसात त्यावर माती टिकवणे फार कष्टाचे होते.

उभ्या कड्यांचे काय, हा प्रश्न दगडखाणीत नेहमी येतो. चाळीस मीटर उंचीचा पाषाणाचा कडा भराव टाकून पूर्ण झाकणे क्वचितच परवडते आणि प्रत्येक वेळी ते आवश्यकही नसते. डोंगरात कडे असतातच. सुटे दगड काढून टाकावेत, पायथ्याला डबराचा तिरका पसारा ठेवावा, त्यापुढे पडणारा दगड अडेल असा खोल चर आणि बांध ठेवावा, आणि कड्याचा सरळ माथा दोन-तीन ठिकाणी मोडून वरच्या ओहोळांना तेथून उतरू द्यावे. फ्रान्समधील काही खाणींत खडकाच्या नैसर्गिक भेगांच्या दिशेने निवडक सुरुंग लावून कड्याला सुळके आणि घळींचा आकार देतात. घुबडे अशा कपारींत वस्ती करतात. वस्तीच्या जवळ सुरुंगाचा विचार मात्र करू नये.

पायरी सातवी: भरावाचा हिशेब

खोदलेले आणि भरलेले जवळजवळ समान यावे, डंपरची फेरी शक्यतो त्याच उतारावर संपावी. फुगवटा विसरू नये: जागेवरचा एक घनमीटर बसाल्ट फोडला की सुटा साधारण दीड घनमीटर होतो आणि दाबल्यावरही सव्वा घनमीटरच्या खाली क्वचित येतो. जुन्या कचराभूमीवर हे काम करायचे असेल तर हिशेब निराळा होतो, कारण कचरा वर्षानुवर्षे खचत राहतो आणि ओहोळांचे उतार उलटे होऊ शकतात. माहीमच्या खाडीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभे आहे, तेव्हा ते शक्य आहे. पण ते पहिल्या कामासाठी निवडू नये.

पायरी आठवी: पोकलेन

चांगला आराखडा शेवटी पोकलेनच्या ऑपरेटरच्या हातात असतो. त्याला पहिल्याच दिवशी नमुना टेकडी दाखवायला घेऊन जावे. नकाशा दाखवून जे एका आठवड्यात समजत नाही ते तेथे अर्ध्या तासात समजते. मग जागेवर ओहोळांच्या मध्यरेषा पांढऱ्या फक्कीने आणि धारा गेरूने माराव्यात, खुंट्यांवर खोदाई किंवा भराई किती ते रंगवावे. मुख्य ओहोळ आधी कोरून घ्यावा आणि त्याला धरून दोन्ही बाजू चढवाव्यात.

ऑपरेटरला वर्षानुवर्षे सपाट, गुळगुळीत काम करण्याची सवय लावलेली असते आणि तेच चांगले काम असे सर्वांनी सांगितलेले असते. एका अनुभवी ऑपरेटरने पहिली सोंड केल्यावर केबिनमधून वाकून मला विचारले, “मॅडम, हे असंच वाकडंतिकडं ठेवायचं? नंतर कोणी फिनिशिंग नाही केलं म्हणून बोलणार नाही ना?” मी त्याला तसे कागदावर लिहून दिले, आणि तुम्हीही द्यावे. बकेटच्या पाठीने उतार घासून चकचकीत केला की वरचा थर दाबला जातो, पाणी जिरत नाही आणि बी रुजत नाही. आतला भराव थराथराने चांगला दाबायचा, वरचा अर्धा मीटर मात्र सैल आणि खडबडीत सोडायचा. डंपर चालून घट्ट झालेला भाग बकेटच्या दातांनी उकरून घ्यावा. दगड पडलेले असतील तर पडू द्यावेत. त्यांच्या वरच्या बाजूला माती आणि बी अडकते.

मुंबईत मान्सून साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. मातीकाम १५ मेपर्यंत संपेल असा बेत असावा, आणि ते संपणार नसेल तर सगळी जागा अर्धवट उघडी ठेवण्यापेक्षा एक पूर्ण पाणलोट मुखापासून माथ्यापर्यंत पुरा करून बाकीच्याला हात लावू नये.

पायरी नववी: माती आणि हिरवळ

खाणीच्या सुरुवातीला बाजूला काढून ठेवलेली वरची माती असेल तर ती सोन्यासारखी जपून सोंडांवर आणि खोलगट भागांत पसरावी. ओहोळाच्या तळात माती नको, तेथे दगड हवा. पहिल्या वर्षी गवत हेच मुख्य पीक: स्थानिक गवताचे बी सुकलेल्या गवतासकट पसरावे आणि ओहोळांच्या काठाने वाळा लावावा. झुडपांत करवंद, धायटी आणि कुडा मुरमावर तग धरतात. झाडांत पळस, पांगारा आणि काटेसावर. उंबर ओलीच्या जागी, म्हणजे खोलगट भागात. लवकर हिरवे दिसावे म्हणून सुबाभूळ किंवा गिरिपुष्प सगळीकडे लावण्याचा मोह होतो, तो टाळावा; त्यांच्याखाली गवत विरळ होते आणि माती उघडी पडते. घाणेरी आणि रानमोडी न बोलावता येतात, त्यांना दोन वर्षे उपटत राहावे.

पायरी दहावी: पहिले दोन पावसाळे

काम संपल्यावर पहिल्या तीन मोठ्या पावसांत जागेवर प्रत्यक्ष उभे राहावे. ठरलेल्या दहा-बारा जागांवर खुंट्या ठोकून प्रत्येक वेळी त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे आणि खुंटीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. बोटभर खोल ओघळी दिसल्या तर घाबरू नये, नवी जमीन स्वतःला थोडी बसवून घेते आणि गवत धरल्यावर त्या बुजतात. काळजी करावी ती ओहोळाच्या तळात उभी पायरी पडली आणि पुढच्या भेटीला ती वर सरकलेली दिसली तर. तिचा माथा कोठे आहे ते खुंटीने नोंदवावे. भर पावसात पोकलेन उतारावर चढवू नये. मजुरांच्या हातून पायरीच्या तोंडाशी डोक्याएवढे, कोनदार दगड बारीक खडीच्या थरावर असे रचावेत की मध्य खोलगट राहील आणि दोन्ही टोके काठांत शिरतील. सिमेंटने ते सांधू नयेत, कारण खालची माती वाहिली की सांधलेला दगड अधांतरी राहतो, तर सुटा दगड खाली बसून भोक बुजवतो. ऑक्टोबरमध्ये जमीन वाळल्यावर मुखाच्या उंबऱ्यापासून त्या पायरीपर्यंत तळाची पातळी पुन्हा घ्यावी आणि मे महिन्यातल्या पातळीशी ताडून पाहावी. फरक मुखाकडे जास्त असेल तर उंबरा तपासावा; फरक वरच्या भागातच असेल तर कोठून तरी मोजणीबाहेरचे पाणी येत आहे, ते शोधत माथ्यापर्यंत चालत जावे.